सांधा

नबाब तडवी दोन खोकी घेऊन आले
सावद्याला, माझ्या वायंडिंगच्या दुकानात.
केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळून, सुतळीनं आवळून.
वैशाख. पारा सत्तेचाळीसवर.
विहिरींचं पाणी खाली गेलं की मोटारी जळतात
आणि माझी चूल पेटते, खोटं कशाला बोलू.
ओट्यावर सात सबमर्सिबल रांगेत पडलेल्या.

"पोरी, कॉइल पाह्यजे.
लोखंड नको आतमधी. नुसती हवा."

मी हसले. हवेभोवती तार गुंडाळून मागायला
आजवर कुणी आलं नव्हतं.

त्यांनी मागची पाटी खोलली.
पिवळा पडलेला कापूस, पालीची दोन अंडी,
आणि प्लायच्या तुकड्यावर सगळा कारभार:
कपॅसिटर, बूड फुगलेले,
रेझिस्टर भाजक्या विटेसारखा,
लोखंडी गाभ्याची कॉइल, गंजानं लाल.

"याले क्रॉसओव्हर म्हणतात.
आमच्या यार्डातलाच शब्द हाये.
पस्तीस वर्सं भुसावळले सांधेवाला होतो मी.
मालगाडी इकडं, मेल तिकडं.
तसा जाड आवाज खालच्या कोनाले, बारीक वरच्याले.
सांधा ढिला झाला
की मालाचे डबे मेलच्या रुळावर जातात,
मंग नुसता खडखडाट."

मी मीटर लावला.
कपॅसिटरच्या अंगावर छापलेलं चार पूर्णांक सात,
मीटर दाखवतो सहाच्या पुढं.
इतके उन्हाळे बंद खोक्यात काढल्यावर
कुणाचाही आकडा चुकतो.

नवे त्यांनी मागवूनच ठेवले होते, फिल्मचे,
जुन्यांच्या चौपट जाड.
किंमत ऐकून चहावाला हेमराज म्हणाला,
एवढ्यात शेळी येती, काका.
तडवी म्हणाले, शेळी एकच सूर काढते.

मग मी वेढे मोजत बसले.
मोजताना माझ्याशी कुणी बोलायचं नाही
हे बाजाराच्या दिवशीही पाळलं जातं.
एकशे त्रेपन्न.
तार उन्हानं मऊ झालेली, बोटांना लाडावलेली.
दोन्ही कॉइल काटकोनात बसवल्या, एक आडवी, एक उभी.
समोरासमोर ठेवल्या तर एकीचं बोलणं दुसरीच्या कानात शिरतं
आणि मग जावाजावांचं जे होतं ते.

कथलाचा डाग चकाकला, राळेचा धूर वर गेला.
एकच खोकं झालं होतं. दुसरं अजून तसंच.
त्यांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, एक कॅसेट,
लेबलवर नुसतं साल: सत्त्याऐंशी.

जुन्या खोक्यात बायका गात होत्या,
हळदीची गाणी, गोधडी पांघरून गावीत तशी.
नव्यात तार जोडली
आणि गोधडी निघाली.
कुणीतरी हसू दाबलं. भांड्यावर चमचा.
आणि एक हात ढोलकीवर,
हातात बांगड्या.

नबाब तडवी खोक्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही.
"बांगड्या वाजून राहिल्या का?"
वाजताहेत ना, मी म्हणाले. ऐका की.
"मले नाही येत ऐकू. शिट्ट्यायनं खाल्लं समदं.
वरचं काहीच येत नाही. तू सांग, किती हाये?"

मला मोजायची सवय.
कॅसेट तीनदा मागं नेली.
डझनाला एक कमी, मी म्हणाले,
आणि त्यातली एक वेगळी. तडकलेली असावी.

"हाच तर भांडणाचा मुद्दा होता," ते म्हणाले,
आणि हसताना त्यांचं डोकं हलत राहिलं.
"लग्नाच्या गर्दीत माह्या कोपऱ्यानं तडकली.
जैतून अजून बोलून दाखवते."

ती आहे? मी चटकन विचारलं.
"हाये ना. घरीच हाये, वांगे भाजून राहिली असंल.
तिच्या हातातल्याही येत नाही ऐकू.
दुरुस्ती तिच्यासाठी. तिले समदं ऐकू येते."

दुसऱ्या खोक्याची पाटी ते खोलू लागले, मग थांबले.
उद्या येतो म्हणाले.

बिल मी मोटारींसारखंच केलं,
तांब्याच्या वजनावर, दोनशे ऐंशी ग्रॅम.
मधल्या हवेचे पैसे लावले नाहीत.