चौतीस अक्षरांचं गाव

एकतीस वर्षं पूर्णा जंक्शनच्या डाकेत
उभ्यानं पत्ते वाचले मी.
सुकेशनी म्हणाली, 'बाबा, जरा इकडं या,'
तेव्हाही तिच्या खुर्चीमागं उभाच राहिलो.

लेक घरबसल्या चित्रं हलती करते.
लिस्बनच्या कुण्या कंपनीच्या खेळातले घोडे
आमच्या मागच्या खोलीत पळायला शिकतात.
पैसे मात्र ते असल्या डॉलरात देणार
जे वाजत नाहीत, खिशात पडत नाहीत.
'मग येतात कुठं?'
'पत्त्यावर.'
हा शब्द ऐकला नि मला बरं वाटलं.

तिनं मोबाइलवर वॉलेट उघडलं. 'रिसीव्ह' दाबलं.
आधी नाणं निवडायचं, मग नेटवर्क.
'आता हे नेटवर्क कामून?'
'नाणं तेच, रस्ता वेगळा.
त्यांनी एका रस्त्यानं धाडलं
नि आपण दुसऱ्यावर वाट बघत बसलो, तर गेलं.'
टाकळी, म्हणालो मी.
आपल्याकडं टाकळ्या किती, मोजल्यात कुणी?
तालुका लिहिला नसेल
तर टाकळी हे गाव नसतं, अफवा असते.

मग तो पत्ता. ठिपक्यांची चौकोनी जाळी,
खाली टीपासून सुरू होणारी चौतीस अक्षरं.
श्री नाही, मुक्काम नाही, पोस्ट नाही.
'यात शून्य कधीच येत नाही,' ती म्हणाली,
'मोठा ओ नाही, मोठा आय नाही, लहान एल नाही.
एकसारखे दिसतात म्हणून आधीच वगळलेत.'
कोण असेल हा माणूस?
त्यालाही कुणाच्या तरी अक्षरानं
रात्र रात्र छळलेलं असणार.

कॉम्प्युटरवर तिनं पत्ता कॉपी केला,
लिस्बनच्या पत्रात चिकटवला.
'झालं.'
'झालं नाही. वाच.'
ती मोबाइलवरून, मी पडद्यावर बोट ठेवून,
चार-चार अक्षरं, डाळ निवडावी तशी.
पहिली चार बरोबर. शेवटची चारही बरोबर, ती तिनं आधीच पाहिलेली.
मधे ती म्हणाली, 'लहान के.'
माझ्या बोटाखाली डब्ल्यू.
पुन्हा. पुन्हा डब्ल्यू.
तोंड आपलं, पाय आपले,
धड कुण्या परक्याचं.

पंखा तेवढा फिरत राहिला.
वसमतच्या बंद पडलेल्या कॅफेतून
स्वस्तात आणलेला तो कॉम्प्युटर.
कॉपी आणि पेस्टच्या मधल्या श्वासात
आत बसलेलं कुणीतरी पत्ता बदलत होतं.
तिनं त्याची वायरच उपटली,
मोबाइलवरून पत्ता धाडला, पुन्हा वाचला,
नि खाली लिहिलं, आधी फक्त पाच डॉलर पाठवा.

वाट बघताना मला एक्क्याण्णव साल आठवलं.
नोकरीचा एक कॉल, टाकळीचाच.
पहाटे डोळा लागला नि माझ्या हातून
दुसऱ्या खणात पडला.
अकरा दिवसांनी फिरून आला.
गफूरभाईनं काही न बोलता समोर ठेवला,
आठ शिक्के होते त्याच्यावर.
मुलाखत होऊन गेली होती.
त्या पोराचं नाव मला पाठ आहे. सांगणार नाही.

पण ते पत्र फिरून आलं तरी.
इथं परतीचा शिक्काच नाही म्हणे.

तिचे बारा शब्द आहेत, वॉलेटची किल्ली,
कागदावर लिहून कुठंतरी कुलपात.
मला दाखवले नाहीत. बरं केलं.
पत्ता साऱ्या जगाला द्यावा,
थैलीची किल्ली बापालाही नाही.

मनमाडकडची गाडी निघाली तेव्हा
मोबाइल एकदाच थरथरला. पाच.
कुठल्या घरात आले, कोण घेऊन आलं,
मी विचारलं नाही.

'बाकीचे उद्या पाठवतील,' ती म्हणाली.
'उद्या परत वाचू,' म्हणालो.
'पाठ झाला की मला आता.'
'तरी वाचू. पहिल्यापासून.'