तिसरा खण

कुरमच्या सभागृहात बायकांच्या सिनेमांचा दुसरा दिवस.
एसी एवढा, की ओढणी दोनदा गुंडाळून घेतली.
पडद्यावर कुठल्याशा डोंगराळ मुलखातली बाई
मालकिणीच्या दारात उभी, हात पुढे,
एवढंच म्हणत : माझं मला द्या.
खाली अक्षरं पळत होती.
वाचायची गरज पडली नाही.

दिवे लागले. सगळ्याजणी उभ्या राहून टाळ्या.
मीही, जरा मोठ्यानेच.
शेजारच्या सुदानी बाईंनी टिश्यू पुढे केला.

मग रुवीच्या सिग्नलला
आठवला कपाटाचा तिसरा खण :
हळदीकुंकवात आलेले, कधीच न शिवलेले खण,
आणि त्यांच्या घडीखाली
म्हसळ्याच्या मैमुनाचा पासपोर्ट.
हरवेल म्हणून ठेवलेला. मीच.
चार वर्षांत तिच्या हातून
साधी चिमटी हरवलेली आठवत नाही.

मागून हॉर्न.

घरी ती जागीच, मांडीवर माझा मुलगा.
"कसा होता पिक्चर, ताई?"
"बरा होता."
पर्सच्या तळाशी कपाटाची किल्ली.
ती सापडायला
मी बराच वेळ लावला.