चाळीस पायऱ्या

लिमाच्या उत्तरेला बस जिथे वळसा घेते
आणि कंडक्टर नुसतंच "टेकडी, टेकडी" ओरडतो,
तिथे उतरायचं.
माझ्याकडे झेंडा नाही, टोपी नाही.
अठरा प्रश्न, आणि प्रत्येकापुढे चार चौकटी:
खूप. थोडं. अजिबात नाही. सांगता येत नाही.
भरलेल्या कागदामागे सात सोल.

खालून जिना हिरवागार दिसतो.
या शहरात पाऊस नसतोच, जूनपासून नुसतं धुकं,
झाडंसुद्धा टँकरच्या पाण्यावर वाढलेली,
तेव्हा हिरवं म्हणजे महापौर, हे पोरासोरांनाही ठाऊक.
कठडा हिरवा, बाक हिरवं,
कचऱ्याची टोपली हिरवी
आणि फलकावर: दोनशे चौदा पायऱ्या. तुमच्यासाठी.

मी मोजत चढले. मोजायची सवयच लागलीय.
चाळिसावीला वळण आलं.
एकेचाळिसावी मातीची.
त्यापुढे पुरलेले टायर, त्यांवर टाच रोवत जायचं,
हात मोकळा असला तर हात टेकत.

वळणावर साबिनो जेवत बसला होता,
रंगाचा डबा पालथा घालून त्यावर,
उकडलेला बटाटा, पिवळ्या मिरचीचं तिखट.
म्हणाला, "मिराफ्लोरेसहून एक पोरगा आला होता,
पांढरे बूट घालून. टेकडी चढला नाही.
चालत्या बसच्या खिडकीतून फोटो काढला
आणि त्यावर बोटाने रेघ ओढली: इथवर.
सिमेंट इथवर. रंग इथवर.
रेघ त्याची, हात माझा."
मग नखाने कठड्याचा पोपडा उचलून दाखवला.
हिरव्याखाली निळा, निळ्याखाली नारिंगी.
"हे तिन्ही मीच," तो म्हणाला,
आणि हे सांगताना त्याला
थोडा अभिमानही वाटला असावा.

खालून ओर्तेन्सिया आली, दोन्ही हातांत बादल्या.
मी सातवा प्रश्न वाचला:
महापौर काम करतात, असं आपल्याला वाटतं का?
तिने बादल्या टेकवल्या. पाणी हिंदकळायचं थांबेतो बोलली नाही.
"खातो," म्हणाली. "पण करतो."
म्हणजे खूप, की थोडं?
"आधीचा खायचा आणि दिसायचा नाही.
हा खातो आणि दिसतो."
मी चौकट शोधत राहिले.
"माझी बहीण खाली राहते. रोज बसमधून बघते.
दर रविवारी म्हणते, तुझ्या टेकडीचं नशीब उघडलं गं.
आता तिला नाही कसं म्हणू?
तिच्या घरी बसलं, की मलाही वाटतं
आपल्याकडे जिना आहे."

मी "सांगता येत नाही"वर खूण केली.

आमच्या कचेरीत असं आहे:
ज्यांना सांगता येत नाही त्यांना तसंच ठेवत नाहीत.
ज्यांना सांगता आलं त्यांच्यात वाटून टाकतात,
ज्याचा ढीग मोठा त्याला जास्त.
ओर्तेन्सियाचा बराचसा भाग हिरव्याला गेला,
एक तुकडा जांभळ्याला,
आणि तिच्या दोन बादल्या कुठल्याच ढिगात नाहीत.
पुढच्या आठवड्यात भिंतीभिंतींवर आकडा आला,
अक्षरं साबिनोची. मी ओळखली,
त्याचा पाच नेहमी किंचित पुढे कलतो.

आणि तरी परतीच्या बसमध्ये
मीही मान वळवून बघायचे.
धुक्यातून वर जाणारी ती हिरवी रेघ,
कुणीतरी कुणासाठी तरी काहीतरी केल्यासारखी.
मोजलं होतं मी. पायांना माहीत होतं.
डोळ्यांना कोण सांगणार?

हिरवा पडला शेवटी. दुसऱ्याच कशावरून तरी.
जानेवारीत साबिनोचा फोन: नवा रंग जांभळा,
तुमचे प्रश्न पुन्हा येणार आहेत का?
जिन्याचं काय, मी विचारलं.
"वाढतोय की," तो म्हणाला.
"हायवेवर उड्डाणपूल झालाय ना,
आता बसमधून बावन्न दिसतात."