सतरा सेकंद

ओमाहातला डेल्बर्ट हॉगन
जाहिरातीतला शेवटचा मजकूर वाचतो.
पडद्यावर एक बाई तळ्यात होडी वल्हवते,
काठावर कुत्रा शेपूट हलवतो,
ऊन असं, की कुणी आजारी पडूच नये.
तेवढ्यात डेल्बर्टनं उरकायचं असतं:
यकृत, रक्तदाब, अंधूक दिसणं,
आत्महत्येचे विचार, क्वचित मृत्यू.
सतरा सेकंद.
‘मृत्यूपाशी आवाज हसरा ठेवा,’
काचेपलीकडून पोरगा सांगतो.

तीस वर्षं हेच.
जीभ इतकी सराईत,
की जेवणाआधीची प्रार्थनाही
घरात कुणाला कळत नाही.

मार्चमध्ये व्हर्नाची बोटं सुजली.
बरणीचं झाकण फिरेना.
सोफ्यावरून म्हणाली,
‘ती होडीवाली गोळी... डॉक्टरांना विचारू या?’
विचारलं.
डॉक्टरांनी लिहून दिली.
नको म्हणायचं, तर कारण सांगावं लागतं,
आणि बाहेर अजून नऊजण बसलेले.

औषधांच्या दुकानातल्या मुलीनं
महिन्याचा आकडा सांगितला,
सावकाश, एकेक अंक सुटा करून,
बहिऱ्याला सांगावा तसा.
हा आकडा तीस वर्षांत
डेल्बर्टला कुणी वाचायला दिला नव्हता.

एका महिन्याची घेतली.

रात्री व्हर्नानं डबीतला कागद उलगडला,
घडीवर घडी, टेबलभर झाला.
अक्षरं मुंगीएवढी.
‘वाच ना,’ म्हणाली, ‘पण हळू.’
त्यानं चष्मा पुसला, लावला.
‘यकृत,’ म्हणाला,
आणि पुढचा शब्द
तोंडात तसाच धरून बसला.