पट्टी

ग्लेनचं ते गाणं आता आम्ही
पांढरी तीनवरून काळी एकवर आणलंय.
लोकांना कळत नाही,
किंवा कळतं आणि दाखवत नाहीत;
तेही याच खाऱ्या वाऱ्यात म्हातारे झालेत.

मी आवाजवाला. एकोणपन्नास वर्षं मिक्सरमागे उभा.
आज स्केगनेसचा हॉल, बाहेर राखाडी समुद्र,
दारावर उद्याच्या हाउजीची पाटी.
विल्फ ड्रमवर बसण्याआधी
चारच बोटांना पट्टी बांधतो.
उरलेली वाकतच नाहीत, त्यांना काय होणार, म्हणतो.
मॉरीनच्या कीबोर्डवर दोन चष्मे:
एक पट्ट्यांसाठी, एक माणसांसाठी.
नेव्हिलच्या बेसवर त्याचा पुतण्या.
बरा वाजवतो. चुकत नाही.

नेव्हिल चुकायचा,
आणि आम्ही सगळे त्या चुकीमागे धावत सुटायचो.
त्यातूनच तर झालं सगळं,
ग्रिम्सबीच्या मासळीच्या गोदामात,
ड्रमखाली बर्फाच्या पेट्या रचून,
एका रात्रीत सहा गाणी,
सातवं झोपेत हरवलं
तरी कुणाला हळहळ नाही.
तेव्हा आड भरलेला होता,
पोहरा फुटका असला तरी चालायचं.
आता पोहरा बघा. ग्लेनची नवी गिटार,
हप्त्यांवर घेतलेली, आरशासारखी.

मध्यंतराआधी तो म्हणाला, "एक नवीन गाणं आहे."
आणि हॉल उठला.
रागानं नाही. सभ्यपणे, गुडघ्यांवर हात टेकत,
कुणी बिअरच्या रांगेत, कुणी लघवीच्या.
मी त्याच्या आवाजाला थोडा घुमारा चढवला,
रिकाम्या खुर्च्या भरून निघाव्यात म्हणून.
पुढच्या रांगेत एकच बाई बसून राहिली, शेवटपर्यंत.
ग्लेननं तिला वाकून नमस्कार केला.
नंतर कळलं,
तिची काठी खुर्चीखाली घरंगळली होती.

परतताना व्हॅनमध्ये
डिझेलचा, ओल्या कोटांचा, सांधेदुखीच्या मलमाचा वास.
कुणी बोलत नव्हतं.
लाउथच्या अलीकडे ग्लेन एकदम गुणगुणायला लागला.
विल्फनं गोळ्यांच्या डबीवर ठेका धरला.
सात कप्पे, सोमवार ते रविवार,
बुधवार रिकामा, म्हणून जरा जास्त खणखणीत.
मॉरीननं मागून खालचा सूर लावला:
"थांब. परत घे. तिथं वळव."
"असं?"
"असं!"
पुतण्या कानात बोंडं घालून झोपलेला.
"सापडलं," ग्लेन म्हणाला, "अरे, सापडलं!"
आणि समोरून आलेल्या ट्रकच्या दिव्यांत
आरशात त्याचं टक्कल लख्ख उजळलं.

मला ती चाल माहीत होती.
त्र्याहत्तरची तबकडी, मागची बाजू, तिसरं गाणं.
नेव्हिलचं.
फक्त पट्टी वेगळी.

मी खिडकीची काच वर केली
आणि घराकडचं वळण
चुकलो.