पहिला महिना घासू नका

एकवीस वर्षं झाली सांगतेय उपकेंद्रात बसून:
जन्मल्या जन्मल्या अंघोळ नको,
अंगावरचा पांढरा थर पुसू नका,
डाळीच्या पिठानं चोळू नका,
तो थर बाळानं आतून आणलेला असतो.
सासवा मान हलवतात
आणि घरी जाऊन चोळतातच.

दसऱ्याला वणीच्या शोरूममधला हर्षल,
माझ्याच हातावर जन्मला असेल अशा वयाचा पोरगा,
मला सांगत होता:
मॅडम, पहिला महिना पॉलिश नको.
रंगावर एक पारदर्शक थर असतो,
केसाइतकाही जाड नाही. सांभाळा.
मी मान हलवली.

रंग रात्रनिळा.
घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून असेल
तर रात्रनिळा घेऊ नये,
हे मात्र कुणी बोललं नाही.

स्कूटीला कधी फडका लावला नव्हता.
हिच्यासाठी दोन बादल्या आणल्या,
एक फेसाची, एक फडका खळबळायची.
लाल-पिवळ्या नाही घेतल्या, त्या दवाखान्यातल्या वाटतात.
आधी टप, मग काचा, मग बोनेट, चाकं सगळ्यात शेवटी.
बोअरचं पाणी क्षाराचं, उन्हात वाळलं की अंगभर पांढरे ठिपके,
म्हणून पहाटे साडेपाचला, दारातल्या बल्बच्या उजेडात.

किसना झाडे म्हणाला, घासलेट मार न बाई, आरशावानी होते.
ट्रॅक्टर धुणारा पोरगा म्हणाला, आना इकडं, प्रेशर मारतो, पन्नास रुपये.
बेबीबाई टेकाम, दाईपण सोडून दहा वर्षं झालेली,
ओट्यावर बसून पाहत राहिली चहा संपेपर्यंत.
मंग म्हणे,
माह्या एकाही सुनेनं लेकरू असं नाही धुतलं.

कडुलिंबावर साळुंक्या.
त्यांचं पडलं की खरवडायचं नाही,
ओलं फडकं ठेवायचं, थांबायचं, मऊ होऊ द्यायचं.
जखमेला चिकटलेली पट्टी अशीच काढतात,
ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

बकऱ्यांवर माझा डोळा. क्रिकेटच्या पोरांवर डोळा.
पांदणीतल्या बाभळी टाळायला
डांबरी रस्त्यानं तीन किलोमीटरचा फेरा.
एकदाच पांदणीतून गेले, एकीचं बीपी वाढलं होतं,
फांदी दारावरून करकरत गेली
आणि माझ्याच पोटात ओढ पडली.
दवाखान्याच्या दिव्याखाली पाहिलं:
धुळीवरची रेघ. बोटानं गेली.

मग माघातली ती संध्याकाळ, मारेगावचा पेट्रोल पंप.
ऊन तिरपं झालेलं.
बोनेटवर सूर्य उतरला
आणि त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं.
बारीक, गोल, गोलावर गोल,
हजारो.
मी गाडीभोवती फिरले, जाळं माझ्याबरोबर फिरलं.

बकरी गोल ओरखडत नाही.
बाभूळ गोल ओरखडत नाही.

ड्युटीवरून आले की घरात पाय टाकायच्या आधी
रोज एक हात फिरवायचे मी,
पाणी नाही, काही नाही, नुसता कोरडा हात.
जुन्या व्हॉइलच्या साडीचा तुकडा,
धुऊन धुऊन सायीसारखा झालेला,
घरातलं सगळ्यात मऊ कापड.
आणि त्याच्याखाली दिवसभराचा कोळसा.

हर्षल म्हणाला, निघतील मॅडम, मशीननं निघतील.
पण थर तेवढा पातळ होईल.
परत परत नाही करता येत.
बघते, म्हटलं. अजून बघतेच आहे.

बुधवारी लसीकरण होतं.
एक आजी सव्वा महिन्याचा नातू घेऊन आली,
कपाळ, कानशिलं लालेलाल.
पीठ लावता? म्हटलं.
रोजचं रागावणं तोंडाशी आलंच होतं.

कायचं घासतो वं बाई, म्हणाली ती,
हे पाय, असं,
आणि तिची बोटं हवेत
गोल गोल फिरत राहिली,
इतकी हलकी.