अर्धं बोट

पास्कलने आधी पुठ्ठ्याची बॅटरी कापली,
खरीच्या मापाची.
म्हणाला, पुठ्ठा चुकला तर पुठ्ठाच जातो.

सायकलच्या तीन नळ्यांमधल्या त्रिकोणात
ती जात होती, जात होती,
आणि अर्धं बोट अडत होती.

कालिना, बुधवार, दुपारचे तीन.
दुकानाच्या उंबऱ्यावर त्याचं कुत्रं आडवं पसरलेलं.
मी म्हटलं, नळी घास ना जराशी.
त्याने कानस खाली ठेवली.
"नळीला हात लावायचा नाय, वैजू.
सगळा भार तिच्यावर.
तू, तुझी औषधांची पेटी, वर वाकोल्याचा पूल."

मग पट्टीच सरकवली.
पाण्याच्या बाटलीची जुनी दोन भोकं,
त्यातलं एक जमलं.
दुसऱ्यासाठी ॲल्युमिनियमचा तुकडा वाकवला,
खाली माझ्याच फाटक्या ट्यूबचं रबर.
बॅटरी तिरकी उतरवली, तळ आधी,
वरून तळहाताची एक थाप.

टक्.

तीन तासांचा एवढाच आवाज.

आता रोज रात्री किल्ली फिरवून ती काढते.
साडेतीन किलो, चार मजले, लिफ्ट बंद.
खाली सायकल, त्रिकोणातून भिंत दिसते.
वर ओट्याशेजारी लाल दिवा.
आई विचारते, हिचं पोट भरलं की सांगते का ही?
हिरवी होते, म्हणते मी.
आई तोवर आडवी होत नाही.

पुठ्ठ्याची बॅटरी तिने मागून घेतली.
स्वयंपाकघरातली खिडकी वाऱ्याने खडखडायची,
तिच्या फटीत सारली.
तिथे ती बसली
न कापता.